'गाय' डोक्यात येते कुठून? चिद्वाद्यांची उत्तरं आणि आपली भांडणं

रेघोट्या

चिद्वाद (आयडियलिझम, म्हणजे आपल्याला कळणारं जग घडवण्यात मनाचा वाटा मूळचा आहे असं मानणारा विचार) म्हटलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, 'जग नाहीच, सगळा मनाचा खेळ'. दुसरं, 'यांच्या मते माणूस सगळ्या संकल्पना जन्मतःच डोक्यात घेऊन येतो'. पहिल्यावर इथे भरपूर हाणामारी होऊन गेली आहे, ती पुन्हा नको. दुसरं धडधडीत चूक असूनही कुणी हटकत नाही, म्हणून हा धागा.

जन्मतःच ठाऊक असतं असं म्हणणारा एक मोठा माणूस आहे, प्लेटो. 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका न शिकलेल्या गुलाम मुलाला बोलावतो आणि दोन फूट बाजूचा चौरस काढून दाखवतो. क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट चौरस हवा तर बाजू किती घेशील? मुलगा म्हणतो, दुप्पट, चार फूट. पण चार चोक सोळा. बरं, मग तीन? तीन त्रिक नऊ. आता मुलगा गप्प होतो. सॉक्रेटिस कर्ण काढतो, आणि कर्णावरचा चौरस आठाचा होतो हे मुलगा स्वतः ओळखतो. सॉक्रेटिस म्हणतो, मी काही शिकवलं नाही, फक्त विचारत गेलो. म्हणजे आत्म्याला हे आधीच माहीत होतं, त्याला ते आठवलं. कोर्टात असले प्रश्न विचारले तर समोरचा वकील ताडकन उठेल, ते सोडा. आपल्या विषयापुरतं बघायचं तर इथे संकल्पना 'विकसित' होतच नाही, तिच्यावरची धूळ फक्त झटकली जाते.

खरी गंमत पुढे, अठराव्या शतकात. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने (तो चिद्वादी नव्हे) 1690च्या सुमारास उलट बाजू मांडली होती: मन कोरं असतं, अनेक वस्तू बघून आपण त्यांतलं समान तेवढं उचलतो आणि बाकीचं टाकतो, की झाली संकल्पना. आणि मग त्यानेच पंचाईत करून ठेवली. 'त्रिकोण' ही सामान्य कल्पना कशी असेल? तो म्हणाला, ती ना काटकोनी, ना समभुज, ना समद्विभुज, ना विषमभुज. एकाच वेळी सगळंही आणि यातलं काहीच नाही.

आयरिश चिद्वादी बर्कलीने 1710मध्ये नेमकं हेच वाक्य पकडलं. असा त्रिकोण मनात आणून दाखवा, म्हणाला. नाही येत. वर टोमणा असा, की मोठ्या विद्वानांनाही जे जमत नाही ते पोरांना साखरगोळ्या आणि खुळखुळ्यांच्या गप्पा मारण्याआधी जमलेलं असतं असं मानायचं का? त्याचं स्वतःचं उत्तर साधं आहे. भूमितीचा मास्तर एक इंच लांबीची काळी रेघ ओढतो. ती रेघ ठरावीक लांबीची, ठरावीक रंगाचीच असते. पण मास्तर तिच्याबद्दल जे सिद्ध करतो त्यात तो 'एक इंच' आणि 'काळी' या गोष्टी वापरतच नाही, म्हणून ती रेघ सगळ्या रेघांच्या वतीने उभी राहते. सामान्यपणा रेघेत नाही, ती वापरण्याच्या पद्धतीत आहे.

आणि 1781मध्ये जर्मन चिद्वादी कांटने तोच त्रिकोण पुन्हा उचलला. त्रिकोणाच्या संकल्पनेला पुरून उरेल असं एकही चित्र असूच शकत नाही, म्हणजे बर्कली बरोबर. पण म्हणून संकल्पना नाही असं नव्हे. संकल्पना म्हणजे चित्र तयार करण्याचा नियम. त्याचं उदाहरण: एकापुढे एक पाच ठिपके काढले, ते पाचाचं चित्र झालं. आता हजाराचं चित्र डोळ्यांपुढे आणा. नाही येत ना? तरीही हजार म्हणजे काय ते तुम्हाला कळतं, कारण तिथवर कसं पोचायचं ते माहीत आहे. कुत्र्याचंही तसंच. 'कुत्रा' म्हणजे डोक्यात टांगलेला फोटो नव्हे, चार पायांच्या एका प्राण्याची आकृती कल्पनाशक्तीने कशी आखायची याचा नियम.

तर माझं म्हणणं इतकंच: प्लेटो सोडला तर चिद्वाद्यांचा खरा दावा 'संकल्पना आत साठवलेल्या असतात' हा नाही. त्यांचा दावा असा, की संकल्पना ही मन करतं अशी गोष्ट आहे, मनात असते अशी नव्हे. कशी करतं यावर त्यांचं आपसात अजिबात जमत नाही. इथल्या लोकांनी भर घालावी. हेगेलवाले (कांटनंतरचा जर्मन चिद्वादी तो), बौद्धवाले, सगळे या.

कट्टेकरी

खुर्ची टाकून बसलोय. चहा कुणीतरी आणा. चहा ही संकल्पना चालणार नाही, कपात पाहिजे.

दुसरी_ब

मी प्राथमिक शाळेत शिकवते, तत्त्वज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. पण त्रिकोणाचं वाचून राहवलं नाही.

दुसरीच्या वर्गात फळ्यावर सहा-सात आकार काढते आणि त्रिकोणांवर फुली मारायला सांगते. पाया आडवा आणि टोक वर असेल तर सगळी मुलं फुली मारतात. तोच त्रिकोण टोक खाली करून काढला की निम्मा वर्ग अडतो. एक मुलगी म्हणाली, "बाई, हा त्रिकोण पडलाय." लांबुडका, अगदी निमुळता काढला तर "ही तर सुई आहे." आणि गंमत म्हणजे कडा बाहेर फुगलेला, समोशासारखा आकार काढला तर तो मात्र बिनदिक्कत त्रिकोण! आता हीच मुलं "त्रिकोणाला तीन बाजू असतात" हे खणखणीत आवाजात म्हणून दाखवतात.

म्हणजे रेघोट्या म्हणतात तसा नियम त्यांना तोंडपाठ आहे, पण ओळखताना ती चित्रच वापरतात. मग काड्या देते. तीन काड्या घ्या, टोकाला टोक लावा, कसेही फिरवा. दहा-पंधरा मिनिटं स्वतः मांडल्यावर "पडलेला" त्रिकोण उभा राहतो. कधीकधी दोन लहान काड्या आणि एक फारच लांब काडी देते. ती जुळतच नाहीत. तेव्हा जे चेहरे होतात ते बघण्यासारखे असतात.

माझा प्रश्न: मुलांनी आधी चित्र धरलं आणि मग नियम, की नियम आधीपासून होता म्हणून चित्र धरता आलं?

तर्कट

बाई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा बरा आहे. (रेघोट्या, रागावू नका.)

माझा आक्षेप. संकल्पना नियम आहे म्हणता. नियम आला कुठून? कांटच्या तर्कशास्त्राच्या व्याख्यानांत, त्याचा विद्यार्थी येशे याने 1800मध्ये छापलेल्या, तो स्वतः सांगतो: एक स्प्रूस, एक विलो आणि एक लिंडन बघितलं. त्यांची तुलना केली, खोड-फांद्या-पानं वेगवेगळी आहेत हे दिसलं. मग त्यांच्यात समान काय यावर मन लावलं. मग आकार, उंची वगैरे सोडून दिलं. झाली 'झाड' ही संकल्पना. अहो, पण हा तर लॉकच! समान ते ठेवा, बाकीचं टाका. शिवाय खोडाची खोडाशी तुलना करायला 'खोड' आधी कळायला नको? म्हणजे संकल्पना मिळवायला संकल्पना लागते.

चिद्वाद्यांची ही सवयच आहे. मार्क्सने 1845च्या 'होली फॅमिली'त याची मस्त टर उडवली आहे. खरी सफरचंदं, नासपती, स्ट्रॉबेऱ्या, बदाम बघून तुम्ही 'फळ' ही कल्पना काढता, इथवर ठीक. मग म्हणता, हे 'फळ' हेच खरं सार, सफरचंद वगैरे त्याची नुसती रूपं. आता अडचण: 'फळा'तून परत सफरचंद कसं काढायचं? तर म्हणे 'फळ' निर्जीव नाही, ते स्वतःच विकसित होत होत कधी सफरचंद म्हणून प्रकटतं, कधी नासपती म्हणून. बाजारात जाऊन आणलेल्या गोष्टी डोक्यातून जन्मल्याचं दाखवायचं, हीच ती युक्ती.

रेघोट्या

तर्कट, झाडांचा आक्षेप वजनदार आहे, कांटच्या अभ्यासकांनाही तो छळतो. त्यावर मला पटलेलं उत्तर: तुलना 'खोड' या तयार संकल्पनेने होत नाही. एकापुढचं एक झाड बघताना नजर ज्या रीतीने फिरते, खालून वर, जाडकडून बारीककडे, ती रीत आधी सारखी होते. त्या सारख्या झालेल्या रीतीवर बोट ठेवलं की संकल्पना. दुसरी_ब यांच्या काड्यांमध्ये तेच घडतं. हाताने केलेलं आधी, त्याची जाणीव नंतर. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, बाई: मुलांनी म्हणून दाखवलेलं वाक्य हा नियमच नव्हता, तो पाठांतराचा भाग होता. नियम त्यांच्या हातात आला तो तिसरी काडी जुळेना तेव्हा.

पण झाड, कुत्रा या अनुभवातून येणाऱ्या संकल्पना. कांटचं खरं नाणं दुसरं आहे. 'कारण', 'द्रव्य', 'एक', 'अनेक' अशा बारा मूळ संकल्पना त्याने चार गटांत मांडल्या. त्या कुठल्याही वस्तूकडे बघून उचलता येत नाहीत. ऊन पडलं, दगड तापला, हे दोन्ही दिसतं. 'मुळे' दिसत नाही. इथे लोक लगेच म्हणतात, बघा, म्हणजे जन्मजात! आणि नेमकं हेच कांट नाकारतो. 1790मध्ये एबरहार्ड नावाच्या टीकाकाराला उत्तर देताना तो स्वच्छ लिहितो की आपण कुठलीच जन्मजात कल्पना मानत नाही, सगळ्या मिळवलेल्या आहेत. फक्त काही अशा आहेत, की त्या वस्तूंकडून उसन्या घेतलेल्या नाहीत; इंद्रियांनी सामग्री पुरवली आणि मनाने ती जोडायला सुरुवात केली की त्या जोडण्यातूनच निपजतात. जन्मजात आहे ती जोडण्याची धाटणी. 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' या त्याच्या मुख्य ग्रंथाच्या 1787च्या आवृत्तीत यासाठी तो गर्भवाढीचं रूपक वापरतो: जीव आधीच बारीक आकारात तयार नसतो, तो घडत जातो.

मार्क्सची फळं खरोखर झकास आहेत, पण तो मार हेगेलच्या चेल्यांना आहे. कांटला तो लागत नाही, कारण कांट 'फळा'तून सफरचंद काढायला जातच नाही. सामग्री बाहेरूनच यावी लागते. आशयावाचून विचार पोकळ, आणि संकल्पनेवाचून दर्शन (नुसतं दिसणं) आंधळं, हे त्याचंच.

नर्मदेहर

सगळी गाडी युरोपातच फिरतेय. शीर्षकात गाय आणलीत आणि गाईवर हजार वर्षं भांडलेले लोक विसरलात.

विज्ञानवादी वसुबंधूपासून सुरू करतो. (विज्ञानवादी म्हणजे बौद्धांमधले चिद्वादी; 'विज्ञान' म्हणजे इथे सायन्स नव्हे, जाणीव.) 'विंशतिका'त तो आक्षेप स्वतःच मांडतो: बाहेर वस्तू नाही तर अमुक गोष्ट अमुकच ठिकाणी, अमुकच वेळी का दिसते, आणि सगळ्यांना सारखी का दिसते? उत्तर: ठिकाण-वेळ स्वप्नातही असतात, आणि प्रेतयोनीतल्या सगळ्या जीवांना नदी पुवाने भरलेलीच दिसते, कारण त्यांचं कर्म एकसारखं पिकलेलं आहे. म्हणजे सारखेपणा वस्तूकडून आला पाहिजे असं नाही, सारख्या संस्कारांतूनही येतो.

संकल्पनेची वाढ कुठे होते? आलयविज्ञानात. पाच इंद्रियांची विज्ञानं, सहावं मनोविज्ञान (मनाची जाणीव), सातवं 'मी-मी' करणारं क्लिष्ट, म्हणजे मलिन, मन, आणि आठवं आलय, म्हणजे कोठार. प्रत्येक अनुभव तिथे वासनेचं, म्हणजे संस्काराचं, बीज ठेवून जातो, ते पिकलं की पुढचा अनुभव त्या रंगाने रंगून येतो. असंगाने 'महायानसंग्रहा'त या वासनांचे तीन प्रकार केले, त्यांतली पहिलीच अभिलाप-वासना, बोलण्याचा संस्कार. शब्द उच्चारला की तो हवेत विरतो, पण बीज राहतं. रेघोट्या म्हणतात तसा इथेही 'साठा' नाही. प्रत्येक क्षणी नवं बीज, जुनं नष्ट. आणि या प्रवाहाला सुरुवात नाही, तो अनादी. म्हणून 'पहिली संकल्पना कशी आली' या तर्कटांच्या प्रश्नावर ते सरळ खांदे उडवतील.

मग बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग. प्रत्यक्ष ज्ञान त्याच्या मते 'कल्पनापोढ', म्हणजे कल्पनेचा स्पर्शच नसलेलं. कल्पना म्हणजे दिसलेल्याला काहीतरी जोडणं: नाव ('डित्थ', म्हणजे आपला 'अमुकतमुक'), जाती ('गाय'), गुण ('पांढरी'), क्रिया ('स्वयंपाकी'), द्रव्य ('दंडधारी'). 'गाय' या शब्दाने कळतं काय? गाईपण नावाचा पदार्थ नव्हे. गाय-नसलेलं सगळं वगळलं जातं. हाच अपोह.

या दिङ्नागाचे आपल्याकडचे धागेदोरे असे, की ह्युएनत्संगाने महाराष्ट्राच्या वर्णनात डोंगरात कोरलेल्या एका विहाराचा उल्लेख केला आहे आणि दिङ्नाग तिथे वास्तव्याला असे अशी परंपरा नोंदवली आहे. तो विहार म्हणजे अजिंठा असं सर्वसाधारणपणे मानतात.

आता सगळ्यात सुंदर जागा. दिङ्नागाच्याच परंपरेतल्या धर्मकीर्तीने कल्पनेची व्याख्या बदलली: शब्दाशी जोडलं जाण्याला योग्य असा भास. नुसतं 'जोडलेला' नाही, 'योग्य'. का? कारण तान्ह्या बाळाला शब्द येत नाहीत. टीकाकार धर्मोत्तर लिहितो: समोर दिसणारा स्तन 'तोच हा', पूर्वी पाहिलेला, असं जोवर बाळ ओळखत नाही तोवर ते रडं थांबवून त्याला तोंड लावत नाही. म्हणजे बोलण्याआधीच 'तोच हा' आहे. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या जगात 'तोच' असं काहीच नसताना बाळाने तो घडवला. संकल्पनेचा जन्म कुणी इतक्या जवळून पाहिलेला मला तरी माहीत नाही.

कट्टेकरी

आमच्या घरी हे रात्री अडीचला चालतं. धर्मोत्तराने ड्यूटी केलेली दिसते.

तर्कट

नर्मदेहर, अपोहाला मीमांसक कुमारिल भट्टाने कधीच तासलाय. 'गाय' कळायला 'अगाय' वगळायचं, आणि 'अगाय' कळायला आधी 'गाय' कळली पाहिजे. माझ्या खोडाचाच प्रकार. आणि हजार गाई एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या असतील, त्यांच्यात समान असं काहीच नसेल, तर मन त्यांनाच एकत्र का बांधतं? एक गाय, एक रिक्षा आणि एक सोमवार असं का बांधत नाही?

नर्मदेहर

सोमवार आवडला. यावर धर्मकीर्तीचं उत्तर औषधांचं आहे. गुडूची, म्हणजे आपली गुळवेल, आणि तशाच इतर वनस्पती. कुणी एकटी, कुणी मिसळून ताप उतरवते. म्हणून त्या सगळ्यांत 'तापहारकत्व' नावाचा एकच पदार्थ भरलेला आहे असं आपण म्हणतो का? नाही. वेगवेगळ्या गोष्टी एकसारखं काम करतात, एवढं पुरतं. गाईही तशाच: प्रत्येक गाय वेगळी, पण प्रत्येकीला पाहून उठणारी ओळख एकसारखी. रिक्षा आणि सोमवार ती उठवत नाहीत. मन त्या ओळखींमधला फरक दुर्लक्षतं आणि मग समजतं की समानता बाहेर आहे.

कुमारिलाच्या चक्रालाही यातच उत्तर आहे: वगळणं हे व्याख्या करून होत नाही. बाळ आधी अस्तनाची यादी करत नाही.

रेघोट्या

हे 'फरक दुर्लक्षणं' बर्कलीच्या रेघेच्या फार जवळ आहे. दोघांमध्ये हजारएक वर्षं आणि अर्धं जग आहे, म्हणून प्रभाव वगैरे शोधायला जाऊ नये. पण फरकही मोठा: बर्कली आणि कांटला संकल्पना ही ज्ञानाची शिडी वाटते, धर्मकीर्तीला ती उपयोगाची भूल वाटते. कामाला येते, पण खरी नाही.

बोरकूट

हेगेलच्या नावाने नुसता मारच चाललाय, म्हणून लॉगिन केलं.

तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरताय: आधी कोरं, नुसतं समोरचं 'हे' असतं आणि मग त्यावर संकल्पना चढते. 'फेनॉमेनॉलॉजी ऑफ स्पिरिट' या 1807च्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हेगेल हे गृहीतक उलगडतो. म्हणतो, तुम्हाला संकल्पनेवाचूनचं, थेट ज्ञान आहे ना? मग मला एकच सांगा, 'आत्ता' म्हणजे काय? उत्तर येतं: आत्ता रात्र आहे. बरं, लिहून ठेवूया. सत्य लिहिल्याने बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद उघडा. शिळं झालं! पण 'आत्ता' हा शब्द शाबूत आहे, तो दुपारलाही तितकाच बसतो. 'हे', 'इथे', 'मी', सगळ्यांचं तेच. ज्याला तुम्ही सर्वांत ठोस, सर्वांत एकमेव म्हणून दाखवायला गेलात ते तोंडून निघालं सामान्य होऊनच. म्हणजे दिङ्नागाचं कल्पनापोढ प्रत्यक्ष असेलही, पण त्याच्याबद्दल एक शब्दही बोलता येणार नाही. (दिङ्नाग हे मान्यच करेल. पण मग त्याच्यावर ज्ञानाची इमारत कशी उभी करायची?)

म्हणून हेगेलपुढे 'वस्तूकडून संकल्पनेकडे कसं जायचं' हा प्रश्नच नाही. त्याचा प्रश्न असा, की अर्धीकच्ची संकल्पना स्वतःच्याच दाव्यावर कशी आपटते आणि त्या आपटण्यातून पुढची कशी निघते. 'शुद्ध असणं' घ्या, ज्यात काहीच गुण नाही. त्यात आणि 'काहीच नसणं' यात फरक सांगा. सांगता येत नाही. पण एकाकडून दुसरीकडे आपण गेलो तर खरे. ते जाणं म्हणजे 'होणं'. हा त्याच्या 'लॉजिक'चा पहिला घास, 1812चा. पुढे शेकडो पानं हेच. दमछाक होते, कबूल. दुसरी_ब यांच्या वर्गातली तिसरी काडी मात्र मला अस्सल हेगेली वाटली. 'तीन काड्या म्हणजे त्रिकोण' हा दावा मुलं स्वतःच करतात आणि स्वतःच्याच हातात तो मोडताना बघतात. कुणी बाहेरून दुरुस्त केलं नाही.

तर्कट

मोडला तो काडीच्या लांबीमुळे. काडी लाकडाची होती, संकल्पनेची नव्हती.

बोरकूट

काडी रोज लाकडाचीच असते. तिच्याकडे काही दावा घेऊन गेल्याशिवाय ती कुणाला 'चूक' म्हणत नाही.

चष्मेबद्दूर_डॉक्टर

डोळ्यांचा डॉक्टर आहे, म्हणून बर्कलीच्या आवडत्या प्रश्नाबद्दल लिहितो. आयर्लंडच्या मॉलिन्यूने लॉकला पत्रातून विचारलं होतं: जन्मांध माणसाला घन आणि गोल स्पर्शाने ओळखता येतात. त्याला अचानक दिसू लागलं तर न शिवता, नुसतं बघून कुठला घन आणि कुठला गोल हे तो सांगू शकेल का? लॉक म्हणाला नाही. बर्कलीने 1709च्या दृष्टीवरच्या निबंधात याचा पायाच बनवला: दिसणारा गोल आणि स्पर्शाचा गोल या दोन वेगळ्या कल्पना आहेत, त्यांना जोडणारा धागा फक्त सवय. समजा आकाराची एकच संकल्पना आत तयार बसलेली असती, तर तिला डोळा काय आणि हात काय, सारखंच.

हे प्रत्यक्ष तपासलं गेलंय, तेही आपल्याकडे. दिल्लीत पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 8 ते 17 वयाची पाच मुलं होती. डोळे उघडल्यावर लगेच, हाताने चाचपलेला ठोकळा नजरेने ओळखायला दिला. निवड जवळजवळ अंदाजपंचे. नुसत्या नजरेने किंवा नुसत्या हाताने जुळवणी मात्र उत्तम. म्हणजे बर्कली-लॉक बरोबर. पण पुढची नोंद अधिक बोलकी आहे: वेगळं प्रशिक्षण न देता काही दिवसांतच कामगिरी झपाट्याने सुधारली. इतक्या लवकर जुळणं नुसत्या सवयीने होतं का? मला इथे कांटची 'जोडण्याची धाटणी' आठवते. मुलं पाचच होती, तेव्हा या एका प्रयोगावर फार मोठा मनोरा रचू नये.

दुसरी_ब

डॉक्टर, हे फार छान. आमच्याकडेही माती-काड्या हाताळलेली मुलं फळ्यावरचं लवकर ओळखतात असा अनुभव आहे, पण तो शाळेतला अनुभव, संशोधन नव्हे.

सानेगुरुजींचे_गाव

अमळनेरकर हजर. एवढ्या चर्चेत आमच्या गावाचं नाव नाही म्हणजे काय? प्रतापशेठजींनी 1916मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं ते याच प्रश्नांसाठी. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हे 1930चं पुस्तक अमळनेरहूनच निघालं. त्यात ते कांटशी वाद घालत उलट वाटेने जातात: ज्ञाता स्वतःला आधी शरीर समजतो, मग मन, मग विचार, आणि एकेक थर आपल्यापासून सुटा करत जातो. संकल्पना कशा वाढतात यापेक्षा आपण त्यांतून मोकळे कसे होतो, हा त्यांचा ओढा.

आणि विज्ञानवाद्यांना घरचा आहेर देणारे आपले आचार्य विसरू नका. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य म्हणतात, खांब बघताना 'मला ज्ञान दिसतंय' असं कुणीच म्हणत नाही, खांबच दिसतो. आणि तुम्ही म्हणता आतलंच 'बाहेर असल्यासारखं' भासतं. पण बाहेर काही नसेलच तर 'असल्यासारखं' तरी कुठून आलं? विष्णुमित्र वंध्यापुत्रासारखा दिसतो असं कुणी म्हणतं का?

तर्कट

आचार्य माझ्या बाजूने! आज पेढे.

रेघोट्या, एक शेवटचं विचारतो. मन नियम करतं हे क्षणभर मानलं. मग संकल्पना सुधारते कशी? 2006मध्ये प्लूटोला ग्रहांतून काढलं. प्लूटो तोच, आकाश तेच. तुमचा नियम बदलला. मग नियम बदलायचं कारण मनात होतं की आकाशात?

रेघोट्या

कांटपुरतं उत्तर आहे, आणि ते मला आवडतं. तो म्हणतो, अनुभवातून आलेल्या संकल्पनेची पक्की व्याख्या करताच येत नाही, तिच्या सीमा कधीच कायमच्या ठरत नाहीत. त्याचं उदाहरण सोन्याचं. एकाच्या 'सोनं' या संकल्पनेत वजन, रंग, ठोकून पत्रा होणं याबरोबर 'गंजत नाही' हेही असेल. दुसऱ्याला ते ठाऊकच नसेल. दोघं सोन्याबद्दलच बोलतात आणि सराफाकडे दोघांचं काम होतं. काही खुणा ओळखायला पुरतात तोवरच आपण त्या धरतो, नवं निरीक्षण आलं की काही टाकतो, काही घालतो. पाण्याबद्दलही तो म्हणतो की आपण शब्दात काय अभिप्रेत आहे यावर थांबत नाही, प्रयोगाला लागतो.

तेव्हा प्लूटोचं कारण आकाशात होतं: नेपच्यूनपलीकडे त्याच्यासारखे आणखी गोळे सापडत गेले, आणि त्यांतला एरिस तर जवळजवळ त्याच्याच आकाराचा निघाला. पण 'मग एरिसलाही ग्रह म्हणायचं की प्लूटोला वगळायचं' हा प्रश्न आकाशाने विचारला नाही. तो प्रागमध्ये बसलेल्या माणसांनी विचारला आणि हात वर करून मतदान केलं. 'कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा' ही अट दुर्बिणीत दिसत नव्हती.

तर्कट

मतदानाने ठरतं ते सत्य नव्हे, सोय.

नर्मदेहर

धर्मकीर्ती नेमकं हेच म्हणतो, आणि तरीही तुम्ही सकाळपासून त्याच्याशी भांडताय.

बोरकूट

बारा मूळ संकल्पनांवर मतदान घेता येईल का, हा वेगळा धागा काढा कुणीतरी. कांट म्हणेल, मतदान 'घ्यायलाच' त्यातल्या निम्म्या लागतात. हेगेल म्हणेल, त्या बाराच का, तेरा का नाहीत, हे आधी सिद्ध करा; कांटने त्या तर्कशास्त्राच्या तक्त्यावरून उचलल्या, उगवून दाखवल्या नाहीत.

रेघोट्या

रविवारी काढतो. दुसरी_ब, तोवर एक विनंती: पुढच्या वेळी त्रिकोणांऐवजी "त्रिकोण नसलेले" आकार मुलांनाच काढायला सांगून बघाल का? पोरं आधी काय वगळतात हे नर्मदेहरांनाही बघायचं असणार.

दुसरी_ब

सोमवारी गणिताचा तास आहे, करून बघते. समोसा कुठल्या बाजूला जातो ते कळवते.